स्प्रिंगफिल्डला आलेली नाटक मंडळी (१८३९): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अब्राहम लिंकन यांच्याविषयी वाचता वाचता बरेच जण १८३९ साली त्यांनी एका फिरत्या नाटक मंडळीची बाजू मांडली त्या गोष्टीपाशी येतात, लिंकन भेटले की खूश होतात आणि पुढे निघून जातात. मला मात्र त्या गोष्टीतली नाटक मंडळी सोडवत नाहीत. कुठून आली, कशी आली, गावाने त्यांना कसं वागवलं, पुढे त्यांचं काय झालं, हे मी जमेल तिथे बोलत असतो आणि लोकही विचारत असतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांना फक्त लिंकन हवे आहेत त्यांनीही प्रवासाचं आणि थिएटरचं उत्तर वाचावं, एवढी विनंती.

नेमकं घडलं काय?

१८३९ साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात स्प्रिंगफिल्ड नावाच्या गावी मॅकेन्झी आणि जेफरसन यांची फिरती नाटक मंडळी आली. गावाला नुकताच राजधानीचा मान मिळाला होता. विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी माणसं जमणार, चार पैसे मिळणार, या हिशोबाने मंडळींनी जवळची पुंजी घालून गावात लाकडी थिएटर बांधलं. त्याच सुमारास गावात धार्मिक उत्साहाची मोठी लाट होती. नाटक म्हणजे पाप असं मानणाऱ्यांनी जोर लावला आणि गावच्या कारभाऱ्यांनी नाटकावर इतकी जबर परवाना फी बसवली की पहिला पडदा वर जाण्याआधीच मंडळी बुडणार हे दिसू लागलं.

मग एक तरुण वकील आपण होऊन व्यवस्थापकांकडे आला. हे अन्यायाचं आहे, माझ्याकडे सोपवा, जिंकलो काय हरलो काय एक पैसा घेणार नाही, असं म्हणाला. कारभाऱ्यांपुढे उभा राहिला, त्यांना पोट धरून हसवलं आणि कर उठवून घेतला. तो वकील म्हणजे लिंकन. हे सगळं मंडळींबरोबर असलेल्या दहा वर्षांच्या मुलाने पन्नास वर्षांनी लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत.

हे जेफरसन म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या घरातले का?

नाही, ते थॉमस जेफरसन वेगळे. हे नटांचं घराणं आणि त्यात नावांचा घोळ आहे, तो आधी सोडवू. आजोबा जोसेफ जेफरसन १७९५ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आले आणि फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीट थिएटरात विनोदी नट म्हणून नावारूपाला आले. त्यांच्या मुलाचं नाव जोसेफ, नातवाचंही जोसेफ. १८३९ मध्ये मंडळी घेऊन हिंडत होते ते मधले. खाली त्यांना थोरले जेफरसन म्हटलं आहे. २० फेब्रुवारी १८२९ ला फिलाडेल्फियात जन्मलेला त्यांचा मुलगा तो धाकटा जोसेफ. पुढे साऱ्या अमेरिकेला माहीत झाला तो हाच.

आई कॉर्नेलिया. पूर्वाश्रमीची नावाजलेली गायिका. तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा चार्ल्स बर्क, तोही नट. मंडळींचे दुसरे भागीदार अलेक्झांडर मॅकेन्झी हे धाकट्या जोसेफच्या आत्याचे यजमान. म्हणजे एक घर आणि त्याचे नातेवाईक असाच सगळा कारभार. घरातलं भांडण, आजारपण, उधारी आणि नाटक, सगळं एकाच गाडीत.

बायकांची कामं बायकाच करायच्या का?

हो. बालगंधर्वांच्या आठवणीत वाढलेला मराठी वाचक हे हमखास विचारतो. अमेरिकन रंगभूमीवर स्त्रिया तोवर रुळलेल्या होत्या आणि जेफरसनांच्या मंडळींत तर आईचा गळा हा मोठा आधार होता. अर्थात नाटकाला नाक मुरडणाऱ्यांना नटीचं स्टेजवर उभं राहणं हेच मुळात खुपायचं.

सगळी गावं सोडून स्प्रिंगफिल्डच का?

राजधानी. इलिनॉयची राजधानी आधी व्हँडेलिया इथे होती. १८३७ च्या फेब्रुवारीत विधिमंडळाने ती स्प्रिंगफिल्डला हलवायचं ठरवलं आणि त्यासाठी झटणाऱ्या आमदारांत लिंकन पुढे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते स्वतः तिथे राहायला आले आणि वकिली करू लागले.

गावाची लोकवस्ती तेव्हा जेमतेम अडीच हजार, रस्त्यांत चिखल, नव्या विधानभवनाचं बांधकाम चाललेलं. ते पुरं न झाल्यामुळे स्प्रिंगफिल्डमधल्या पहिल्या अधिवेशनात प्रतिनिधीगृह चक्क एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये भरलं. मला हा तपशील फार बोलका वाटतो. गावाला एकाच वेळी राजधानी व्हायचं होतं, देवभीरूही राहायचं होतं, आणि बसायला पुरेशी छपरं नव्हती. तिथे नाटकवाले नवं थिएटर बांधू लागले, तेव्हा ते उठून दिसणारच.

नाटकवाल्यांचा हिशोब सरळ होता. आमदार, त्यांचे कारकून, कामं करून घ्यायला आलेले लोक, ही सगळी घरापासून लांब राहिलेली माणसं. संध्याकाळी त्यांनी करायचं काय? शिवाय १८३७ च्या मंदीने सगळीकडे पैशाची चणचण होती. राजधानीत निदान अधिवेशनापुरता पैसा फिरणार, म्हणून सगळा हंगाम तिथेच काढायचा बेत होता.

तिथपर्यंत पोचले कसे? रेल्वे होती का?

स्प्रिंगफिल्डला रेल्वे आली १८४२ मध्ये. त्यामुळे मंडळींचा प्रवास पाणी, चिखल आणि बर्फ यांतूनच झाला.

१८३८ मध्ये जेफरसन कुटुंब पूर्वेकडून निघालं. मॅकेन्झींनी शिकागोला नाटकाचा जम बसवायला घेतला होता आणि त्यांनी यांना बोलावून घेतलं. वाट ईरी कालव्याची. ऑल्बनी ते बफेलो हा ३६३ मैलांचा कालवा १८२५ पासून चालू होता. काठाने घोडे चालायचे, दोराने नाव ओढायचे. बफेलोपासून पुढे आगबोट आणि मोठी सरोवरं. शिकागो तेव्हा चार-पाच हजार वस्तीचं, नव्या लाकडाच्या वासाचं गाव. तिथला हंगाम झाला की उघड्या गाड्यांत सामान भरायचं आणि गवताच्या सपाट माळरानावरून पुढचं गाव गाठायचं. क्विन्सी, पिओरिया, पेकिन, ऑल्टन अशी ती गावं. थिएटर कुठेच नाही. मिळेल ती जागा आपली.

पेकिनला मिळाली ती डुकराचं मांस साठवायची वखार. तिथून हुसकलेली डुकरं जमिनीखालच्या पोकळीत जमली आणि प्रयोग चालू असताना खालून गुरगुरत राहिली, खांबांना पाठी घासत राहिली. गंभीर प्रवेश चाललाय, नटी गळा काढून बोलतेय, आणि बाकांखालून हा आवाज. ज्यांनी लग्नाच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या पटांगणात प्रयोग केलाय त्यांना ती नटी काय सोसत असेल ते सांगायला नको.

हिवाळ्यात गलीनाहून डब्यूकला जायचं होतं. दोन्ही शिशाच्या खाणींची गावं, खाणकामगारांच्या हातात रोख पैसा, म्हणून जाणं भाग. मिसिसिपी गोठली होती आणि नदीचाच रस्ता करून घसरगाड्या चालल्या होत्या. मध्येच हवा थोडी ऊबदार झाली आणि बर्फाला तडे जाऊ लागले. पडदे आणि कपडेपटाचे पेटारे असलेली गाडी बर्फ फोडून पाण्यात गेली. माणसं वाचली. पण रंगवलेल्या पडद्यांवरचे रंग ओघळले, पोशाख चिंब झाले, आणि डब्यूकला पोचल्यावर सगळं वाळेपर्यंत खेळ पुढे ढकलावा लागला.

ज्या मंडळींची सगळी मालमत्ता चार पेटाऱ्यांत आणि गुंडाळलेल्या पडद्यांत असते, त्यांचं पेटारे बुडाल्यावर काय होत असेल याचा विचार करा आणि मग स्प्रिंगफिल्डच्या परवाना फीकडे पाहा. कारभाऱ्यांना ती कागदावरची रक्कम होती. मंडळींना मात्र ती बर्फातल्या त्या भगदाडासारखी होती.

स्प्रिंगफिल्डचं थिएटर दिसायला कसं होतं?

सुमारे ९० फूट लांब, ४० फूट रुंद. रंग नाही, नक्षी नाही. नुसत्या फळ्या ठोकलेल्या. धाकट्या जोसेफच्या आठवणीत ते कापडाच्या दुकानातल्या मोठ्या लाकडी खोक्यासारखं दिसायचं, फक्त वर छप्पर. खुर्च्या कसल्या, बाक.

दिव्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते समजलं की सगळा प्रयोग डोळ्यांपुढे उभा राहतो. पूर्वेच्या मोठ्या शहरांत गॅसचे दिवे आले होते. या मुलखात गॅस ही ऐकीव गोष्ट. चांगल्यात चांगला व्यवस्थापकही स्पर्म व्हेलचं तेल मिळालं, तेही दुय्यम प्रतीचं, तरी समाधानी असायचा. समुद्रातल्या देवमाशाचं तेल समुद्रापासून शेकडो मैल आत, माळरानावरच्या गावात जळतंय! स्टेजच्या पुढच्या कडेला या दिव्यांची रांग एका लांब चौकटीत बसवलेली असे. तिला फ्लोट म्हणत. चौकटीला वजनं अडकवून ती खालीवर होईल अशी सोय केलेली. प्रवेशात रात्र व्हायची असली, किंवा वाती कातरून तेल घालायचं असलं, की अख्खी चौकट स्टेजखाली उतरवायची. भूत यायचं, खून व्हायचा, प्रेमिकांनी अंधारात भेटायचं, की दिवे हळूहळू जमिनीत बुडायचे आणि नटांचे चेहरे हनुवटीपासून वर काळे होत जायचे. काम उरकून वाती नीट झाल्या की उजेड पुन्हा खालून उगवायचा.

मी हौशी नाटकांत विंगेत उभा राहून डिमर फिरवलेला माणूस आहे. माझ्या बोटाखाली जो अंधार एका खुंटीने व्हायचा, तो करायला तिथे कुणीतरी स्टेजखाली वाकून, तेलकट हातांनी, धूर गिळत बसलेलं असणार. त्या माणसाचं नाव कुठे राहिलेलं नाही.

कसली नाटकं करायचे?

शेक्सपिअर, इंग्लंडहून आलेले अश्रूपाती मेलोड्रामा, आणि शेवटी फार्स. तेव्हाच्या रीतीप्रमाणे एका संध्याकाळी एक मोठं नाटक, मधल्या वेळात गाणं किंवा नाच, आणि घरी जाताना लोक हसत जावेत म्हणून एक छोटं प्रहसन. माणसं मोजकी, म्हणून एकाने दोन-तीन भूमिका उचलायच्या. थोरले जेफरसन नट तर होतेच, शिवाय पडदे रंगवणं हा त्यांच्या हातचा मळ होता. लहान मुलांनाही गाणी, नाच, नाटकातल्या पोराबाळांची कामं चुकत नसत. पाठ व्हायचं ते ऐकून ऐकून, शाळा अशी जवळजवळ नाहीच.

गावाला नाटकाचा एवढा राग का होता? सगळे सनातनीच होते का?

सनातनी म्हणून त्यांना मोडीत काढणं सोपं आहे, पण त्याने काहीच कळत नाही. अमेरिकेत नाटकाविरुद्धचा राग जुना होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५० साली नाटकबंदीचा कायदा झाला आणि तो १७९३ पर्यंत टिकला. स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर, १७७४ मध्ये, वसाहतींच्या काँग्रेसनेही जुगार आणि शर्यतींच्या पंगतीला नाटकं बसवून त्यांपासून लांब राहायला सांगितलं होतं. २६ डिसेंबर १८११ च्या रात्री रिचमंडमध्ये भरलेलं थिएटर पेटलं, ७२ माणसं गेली, त्यांत व्हर्जिनियाचे गव्हर्नर होते. देशभरच्या धर्मोपदेशकांनी त्यात ईश्वराचा कोप पाहिला. जिथे थिएटर जळलं तिथे चर्च उभं राहिलं. अशी गोष्ट एकदा मनात बसली की पिढ्यानपिढ्या निघत नाही.

त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्यही होतं. मोठ्या शहरांतल्या थिएटरांत वरच्या गॅलरीत वेश्याव्यवसाय उघड चालायचा, दारूचे गुत्ते शेजारीच असायचे. नव्या गावात घाम गाळून चार पैसे साठवणाऱ्या आईबापांना आपल्या तरुण पोराने तिकडे फिरकू नये असं वाटलं, तर मी त्यांना हसणार नाही.

माझा आक्षेप पद्धतीवर आहे. नाटक नको असेल तर सरळ बंदी घालायची, त्यावर वाद होऊ द्यायचा, मतं घ्यायची. ते न करता परवान्याची रक्कम अशी ठेवायची की माणूस आपोआप मरेल आणि आपले हात स्वच्छ राहतील. खेळतमाशांवर परवाना फी घेण्याचा हक्क गावांना होता आणि सर्कस, जादूगार, नट सगळ्यांकडून ती घेतली जायची. रीत म्हणून ती ठीकच. पण फी जेव्हा शिक्षा होते, तेव्हा ती भरणाऱ्याला भांडायलाही जागा उरत नाही, कारण समोरचा म्हणतो, आम्ही कुठे नाही म्हटलं, पैसे भरा आणि खुशाल करा.

लिंकन नेमकं काय बोलले?

शब्दन् शब्द उरलेला नाही, ओघ उरलेला आहे. नाटकाचा इतिहास त्यांनी थेट थेस्पिसपासून काढला. हा ग्रीक नट इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला, गाडीवर उभा राहून खेळ करायचा अशी परंपरागत कथा आहे. तिथपासून आजच्या स्टेजपर्यंत ते आले, मध्ये मध्ये किस्से पेरत, आणि कारभारी हसून हसून बेजार झाले. जबर कर उठला.

मला त्यातलं थेस्पिसचं गाडीवर असणं फार आवडतं. बाहेर मंडळींच्या गाड्या चिखलात उभ्या असतील, आणि आत वकील सांगतोय की ज्या कलेला तुम्ही उपरी समजता ती जन्मलीच गाडीवर. तीस वर्षांचे लिंकन तेव्हा कुणी बडे नव्हते. जोशुआ स्पीड या मित्राच्या दुकानाच्या माडीवर, त्याच्याच खोलीत राहायचे. ज्यांच्यापुढे बोलले ते रोज भेटणारे लोक होते. परगावच्या नाटकवाल्यांसाठी, फुकट, आपल्याच गावच्या धार्मिक मंडळींचा रोष ओढवून घ्यायचा, यात त्यांचा फायदा काही नव्हता.

ही गोष्ट खरी मानायची का?

मी मानतो, पण डोळे उघडे ठेवून. आधार एकच आहे, धाकट्या जोसेफचं आत्मचरित्र. ते १८९० मध्ये पुस्तकरूपाने आलं. घटना घडली तेव्हा तो दहा वर्षांचा, लिहिताना साठीचा. मधल्या काळात लिंकन अमेरिकेचे दैवत झालेले. शिवाय तो जन्मभर गोष्टी सांगून लोकांना जिंकलेला नट, प्रसंग कुठे उचलायचा हे त्याला पक्कं माहीत. त्या वकिलाचं नाव तो शेवटपर्यंत सांगत नाही. गावात फार लाडका होता, नंतर सरकारात बऱ्यापैकी मोठ्या जागेवर होता, आता स्प्रिंगफिल्डजवळ स्मारकाखाली विसावला आहे, असं म्हणत म्हणत अगदी शेवटच्या शब्दाला नाव. हा पडदा टाकण्याचा कसबी हात आहे.

तपशिलात एक खटका आहे. तो सिटी कौन्सिल म्हणतो, पण स्प्रिंगफिल्डला शहराचा दर्जा मिळाला १८४० मध्ये. १८३९ मध्ये कारभार विश्वस्त मंडळाकडे होता आणि त्या वर्षी जूनमध्ये लिंकन स्वतः त्या मंडळावर निवडून आले. म्हणजे ते बाहेरचे वकील म्हणून बोलले की मंडळातलेच एक म्हणून, हा रास्त प्रश्न आहे. पण दहा वर्षांच्या पोराला बोर्ड आणि कौन्सिल यातला फरक कळावा अशी अपेक्षा मी करत नाही. घरात आईबापांचे चेहरे पडलेले, आणि मग एक उंच माणूस येऊन गेल्यावर ते उजळलेले, हे मात्र त्या वयाचं मूल विसरत नाही. माझा विश्वास तिथे आहे.

मंडळींचं पुढे काय झालं? भरभराट झाली असेल?

नाही हो. गोष्ट सांगणारे बहुतेक जण कर उठला इथे थांबतात, त्यामुळे सगळ्यांना तसंच वाटतं.

मंडळी दक्षिणेकडे सरकत गेली. मेम्फिसमध्ये धंदा बसला. तिथे थोरल्या जेफरसनांच्या वाचनात आलं की शहराने नवा नियम केलाय, भाड्याच्या सगळ्या गाड्यांवर, छकड्यांवर नंबर रंगवलेला पाहिजे. हातात ब्रश धरता येत होता. त्यांनी ते काम मिळवलं आणि ज्या हाताने राजवाडे आणि अरण्यं रंगवली त्याच हाताने गाड्यांवर आकडे काढले. घर त्यावर चाललं. एका गावाच्या कारभाऱ्यांचा नियम त्यांना बुडवायला निघाला होता, दुसऱ्या गावाच्या नियमाने जेवू घातलं. या घराण्याच्या साऱ्या हकिकतीत मला हे चित्र सगळ्यात जवळचं वाटतं: रस्त्याच्या कडेला उभा छकडा, ओला पांढरा आकडा, आणि बाजूला वाकलेला रंगभूमीवरचा माणूस.

१८४२ मध्ये अलाबामातल्या मोबील इथे पिवळ्या तापाने थोरले जेफरसन गेले. वय चाळिशीच्या आतलं. आईने तिथेच नटांसाठी खाणावळवजा बोर्डिंग चालवलं. मुलं थिएटरात पडेल ते काम करू लागली. धाकटा जोसेफ तेव्हा तेरा वर्षांचा होता.

धाकटा जोसेफ पुढे कोण झाला?

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा सगळ्यात लाडका विनोदी नट. वीस वर्षं झोपून उठणाऱ्या रिप व्हॅन विंकलची भूमिका त्याने सप्टेंबर १८६५ मध्ये लंडनच्या अडेल्फी थिएटरात नव्या संहितेनिशी उभी केली आणि मग जवळजवळ आयुष्यभर केली. रेल्वे पसरल्यावर अख्खा नटसंच आणि नेपथ्य बरोबर घेऊन गावोगाव जाण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांत तो पुढे होता. बर्फात पडदे बुडालेले पाहिलेल्या मुलाला ते सुचलं यात मला नवल वाटत नाही. २३ एप्रिल १९०५ ला तो वारला.

त्यांच्याबद्दल सगळं कौतुकाचंच आहे का?

नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. धाकटा जोसेफ चारेक वर्षांचा असताना त्याचा स्टेजवर गाजलेला प्रवेश कोणता? थॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारं 'जिम क्रो' गाणं गायचा. त्याने या पोराला तसंच काळं फासून, पोत्यात घालून आणलं आणि स्टेजवर ओतलं. लोक खूश. त्याच नावाने पुढे अमेरिकेतले वर्णभेदाचे कायदे ओळखले गेले. ज्या रंगभूमीवर अन्याय झाला म्हणून आपण हळहळतो, ती रंगभूमी दुसऱ्यांवरच्या अन्यायावर हशे वसूल करत होती. मूल निष्पाप होतं. ती करमणूक निष्पाप नव्हती.

चर्च आणि नाटकवाले यांचं कधी जुळलं का?

याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये आहे आणि त्यातही हाच जोसेफ आहे. डिसेंबर १८७० मध्ये जॉर्ज हॉलंड हे वृद्ध नट वारले. जोसेफ त्यांच्या मुलाला घेऊन एका मोठ्या चर्चच्या धर्मगुरूंकडे अंत्यविधीसाठी गेला. मृत माणूस नट होता हे कळल्यावर गुरूंनी नकार दिला. मग काय करायचं, असं विचारल्यावर ते म्हणाले, कोपऱ्यावर एक छोटं चर्च आहे, तिथे असले विधी करतात. जोसेफ म्हणाला, तसं असेल तर देव त्या कोपऱ्यावरच्या छोट्या चर्चचं भलं करो. एकोणतिसाव्या रस्त्यावरचं ते चर्च ऑफ द ट्रान्सफिगरेशन. आजही न्यूयॉर्कची माणसं त्याला 'कोपऱ्यावरचं छोटं चर्च' याच नावाने ओळखतात आणि नटांना ते आपलं वाटतं.

लिंकनना नाटकाची आवड होती का? की फक्त न्यायासाठी भांडले?

आवड होती, आणि ती वाढत गेली. शेक्सपिअर त्यांनी वाचून आत्मसात केला होता. राष्ट्राध्यक्ष असताना, ऑगस्ट १८६३ मध्ये, जेम्स हॅकेट या नटाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी 'मॅकबेथ'च्या तोडीचं काही नाही असं म्हटलं आहे. वॉशिंग्टनमध्ये ते वारंवार नाटकाला जायचे.

लिंकन यांच्या शेवटच्या रात्रीच्या नाटकाशी जेफरसनांचा काही संबंध होता म्हणतात, खरं का?

खरं आहे. १४ एप्रिल १८६५ ला फोर्ड्स थिएटरात चाललेलं नाटक 'अवर अमेरिकन कझिन'. त्यातल्या एसा ट्रेंचर्ड या अमेरिकन पाहुण्याची भूमिका १८५८ मध्ये न्यूयॉर्कला लॉरा कीन या नटीच्या थिएटरात पहिल्यांदा केली ती धाकट्या जोसेफने, आणि त्या भूमिकेने त्याला मोठा केला. फोर्ड्समध्ये त्या रात्री लॉरा कीन स्वतः होत्या, पण एसाचं काम हॅरी हॉक करत होते. जोसेफ कित्येक वर्षं देशाबाहेर होता, बराचसा काळ ऑस्ट्रेलियात. स्टेजवर हॉक एकटे उभे होते, त्यांच्या वाक्यावर हशा उसळला आणि त्या हशात जॉन विल्क्स बूथने लिंकन यांच्यावर गोळी झाडली. बूथही नटच.

स्प्रिंगफिल्डला गेलो तर यातलं काय पाहायला मिळेल?

ते लाकडी थिएटर आता नाही. शिकागोहून स्प्रिंगफिल्ड साधारण २०० मैल, रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास. जुनं विधानभवन आहे, तेच, ज्याचं काम मंडळी आली तेव्हा चाललं होतं. लिंकन यांनी १८४४ मध्ये घेतलेलं घर आहे आणि ओक रिज स्मशानभूमीत त्यांची समाधी. बहुतेक प्रवासी घर आणि समाधी करून परततात. तुम्ही जुन्या विधानभवनाभोवतीच्या चौकात थोडे रेंगाळा. चाळीस फूट म्हणजे किती ते पावलांनी मोजून पाहा, साधारण सोळा पावलं भरतात. त्या रुंदीत बाक मांडा, पुढे दिव्यांची रांग लावा, मागे ओघळलेल्या रंगाचा पडदा टांगा. आणि तिकीट घ्यायला एक दहा वर्षांचा मुलगा दाराशी उभा करा.